मासोळीची नाव, वेचाईचे दिवस

कापसाची पऱ्हाटी फुटली की माझी बोटं वळवळायला लागतात. डॉक्टर त्याला संधिवात म्हणतात. मी वेचाई म्हणते. यंदाही कार्तिक लागला, अमरावतीच्या फ्लॅटमध्ये सकाळी अंगावर शाल आली, आणि मी मुलाला सांगून टाकलं की मी दर्यापूरच्या जीपमध्ये बसते आहे, शेतावर सीतादही करून संध्याकाळी परत येते. त्याने गुडघे, धूळ आणि जीपमधली गर्दी अशी तीन कारणं पुढे केली. मी तिन्ही ऐकून घेतली आणि चप्पल घातली. सोबतीला नात आली, मुक्ता. तिला फोटो काढायचे होते.

सीतादही म्हणजे काही मोठा सोहळा नाही. वेचाईच्या पहिल्या दिवशी धुऱ्याजवळ, म्हणजे शेताच्या बांधापाशी, पाच खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, नव्या कापसाची वात लावायची आणि पऱ्हाटीवर दहीभात शिंपडायचा, की बाई, अशीच पांढरीशुभ्र फूट. उरलेला दहीभात वेचणाऱ्या बायकांना. एवढंच. शेवटची मूठ मात्र मी पऱ्हाटीवर टाकत नाही, अकोल्याच्या दिशेला टाकते. मुक्ताने विचारलं, आजी, तिकडे कोण आहे? मी म्हटलं, समुद्र.

तिने लगेच फोनवर नकाशा काढला आणि समुद्र इथून किती लांब आहे ते मला दाखवायला लागली. अकोल्याला समुद्र नाही हे मला ठाऊक आहे. माझं माहेरच तिथल्या जठारपेठेतलं. पण ही मूठ मी सुरू केलेली नाही. ती माझ्या सासूने सुरू केली, एकाहत्तर सालच्या वेचाईत. मुंबईची गाडी अकोल्याहून जाते, तेव्हा समुद्रही त्याच बाजूला असणार, असं तिचं म्हणणं. नकाशा पाहिला तर बाईचं फारसं चुकलं नव्हतं. चुकली होती ती मीच, पण ते दिशेच्या बाबतीत नाही.

त्या वेचाईत मी वीस वर्षांची होते आणि मॅट्रिक पास होते. हे दोन शब्द मी तेव्हा कुंकवासारखे कपाळावर लावून हिंडत असे. अकोल्यातल्या शिक्षकाची मुलगी दर्यापूर तालुक्यातल्या काळ्या मातीत यायला राजी झाली ती एकाच गोष्टीसाठी: मुलगा आरमारात होता. खरं म्हणजे त्याआधी तो कापसाच्या जिनिंगमध्ये ऑइल इंजिनावर फिटर होता. भरती निघाली, त्याने इंजिनं उघडून दाखवली आणि त्याला घेतलं. पण ‘फिटर’ हा शब्द मी लग्नात एकदाही तोंडातून काढला नाही. मैत्रिणींना पांढऱ्या गणवेशातला फोटो दाखवला आणि बाकीचं त्यांच्यावर सोडलं. ती पोरगी आज मला भेटली तर मी तिला समोर बसवून आधी चहा पाजीन आणि मग कान धरीन.

वैशाखात लग्न झालं. माझं नावही बदललं. माहेरची मी कुसुम. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने ‘शालिनी’ लिहिलं आणि कुसुम संपली. महिनाभराची रजा संपली तसे आमचे हे मुंबईला गेले, आणि घरात उरलो आम्ही दोघी. सासरे आधीच गेलेले. शेत सासूबाईच पाहत. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणायची रीत, तर आत्याबाई. गळ्यात तुळशीची माळ. अंगणात अंड्याचं टरफल उडून आलं तरी सगळं अंगण सारवून काढणार. लिहिता-वाचता येत नव्हतं. ओसरीच्या भिंतीवर किराणा दुकानाचं कॅलेंडर होतं. मुलगा गेला त्या दिवसापासून त्यावरचा एकेक दिवस त्या सकाळी कोळशाने खोडत. बाकी कुणाला विचारावी लागत असेल, आत्याबाईंना एकादशी कुणी सांगावी लागत नसे.

पत्र आलं की ते मी वाचायचं, हे ओघानेच आलं. पोस्टमनची सायकल दिसली की ओसरीवर चार-पाच बायका जमत. शेजारच्या शेवंताकाकू सगळ्यांच्या आधी. त्यांचा देह त्यांच्या घरात राहत असे आणि कान आमच्या. मी पदर नीट करून, घसा साफ करून, आकाशातून वाणी यावी तशी वाचायची. पहिल्या पत्रात ह्यांनी लिहिलं होतं की इथलं पाणी खारट आहे. बायकांनी च् च् केलं. आत्याबाई म्हणाल्या, "मंग आपली हीर काय गोड हाये?" आमचा सगळा खारपाणपट्टा. घोटभर पिण्याच्या पाण्यासाठी कोसभर जायचं. तेव्हा मला त्या बोलण्यात अडाणीपणा दिसला. आज वाटतं, समुद्राबद्दल त्या ओसरीवर बोललं गेलेलं तेवढं एकच वाक्य खरं होतं. बाकीची माझी होती.

आश्विनात निळं आंतरदेशीय पत्र आलं. आल्या आल्या मी दाराआड जाऊन ते एकदा मनात वाचलं, आणि माझं तोंड कडू झालं. लढाईची चिन्हं होती म्हणून आरमाराने काही मासेमारीच्या बोटी मागून घेतल्या होत्या, बंदराच्या तोंडाशी आणि खाड्यांतून पहारा द्यायला. त्यांतली इंजिनं ह्यांच्या ओळखीच्या जातीची, म्हणून ह्यांना अशा एका बोटीवर टाकलं होतं. जाळी काढून किनाऱ्यावर ठेवली. ज्या खणात बर्फ आणि मासोळी भरत त्यात आता गोळ्यांच्या पेट्या आणि घोंगड्या. पुढच्या टोकाला जाड फळ्या ठोकून त्यावर एक तोफ बसवली. सगळ्या बोटीला राखाडी रंग फासला, पण उन्हात तिरकं पाहिलं की रंगाखालचं जुनं नाव दिसतं: एकवीरा. बोटीचा जुना नाखवा, ज्याला तिथे तांडेल म्हणतात, तो सोबतच ठेवला होता, कारण पाण्याखालचा कोणता खडक कुठे आहे ते त्याच्या पोटात होतं. रंग दिला पण वास गेला नाही, असं ह्यांनी लिहिलं होतं. भाताला मासोळीचा, पाण्याला मासोळीचा, उशीलाही. शेवटी होतं: आईला हे सांग. तिला वाईट वाटेल, पण तिला खोटं सांगू नको.

मॅट्रिक पास बाईने काय वाचलं? तिने वाचलं की आपल्या नवऱ्याला आरमारातून काढून मासोळीच्या बाजारात बसवलं. जठारपेठेतल्या मैत्रिणी डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. माळकरी सासू उभी राहिली. ओसरीवर शेवंताकाकू तर खऱ्याच बसलेल्या होत्या.

मी बाहेर आले, पदर नीट केला, आणि पत्र वाचलं. म्हणजे एक मोठं जहाज बांधलं. मी समुद्र पाहिलेला नव्हता, जहाजही नाही. मी पाहिलेली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे अकोल्याची कापसाची गिरणी, तेव्हा मी तीच उचलून पाण्यात ठेवली. उंच धुराडं, सकाळी भोंगा, तीन मजले, लोखंडी जिने, वर गच्ची, आत गोड्या पाण्याची विहीर. एका बाईने विचारलं, एवढं लोखंड पाण्यात बुडत नाही काहून? मी म्हटलं, त्याला शास्त्र असतं.  मग आत्याबाईंनी हळूच विचारलं, तिथे तुळशीवृंदावन आहे का. मी कागदावर नजर फिरवली, ओळ शोधल्यासारखी केली, आणि म्हटलं, आहे, गच्चीवर. त्यांचा चेहरा असा उजळला की मला स्वतःचं कौतुक वाटलं.

तेवढ्यावर थांबते तर ती मी कसली. त्याच आठवड्यात मी ह्यांना पत्र लिहिलं. मासोळीच्या नावेचं पुन्हा पत्रात लिहू नका, पोस्टमन वाचतो. आणि साहेबांना सांगून एखाद्या मोठ्या जहाजावर बदली मागून घ्या, इथे चार लोकांत आम्हाला मान वर करता आली पाहिजे. हे वाक्य मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा सुबक अक्षरात काढलं होतं. त्यावर ह्यांचं उत्तर आलंच नाही. कार्तिकात एक कार्ड आलं, त्यात दोन ओळी: मी खुशाल आहे, कुठे काय ते आता लिहायची मनाई आहे. त्या दोन ओळी मी ओसरीवर पाव तास वाचल्या.

आत्याबाईंनी त्या वर्षी सीतादहीला शेवटची मूठ समुद्राकडे टाकली. त्या जहाजालाही कापसासारखं फुटू दे, असं काहीतरी पुटपुटल्या. जहाज फुटणं बरं नव्हे, हे माझ्या जिभेवर आलं होतं. 

मग लढाई लागली. आमच्या गावात तेव्हा वीज नव्हती, तरी दिवे झाकायचा हुकूम आला. सरपंचाने घरोघर फिरून कंदिलांना काळा कागद लावायला सांगितलं. विमानातून आमचं गाव दिसावं इतका उजेड गावात दिवाळीलाही होत नसे. दिवसा मात्र काही थांबलं नाही. पऱ्हाटी लढाई ओळखत नाही. फुटली की वेचावी लागते, नाही वेचली तर गळून मातीत जाते. आम्ही सकाळी शिदोरी बांधून निघायचो, कमरेला फडक्याची ओटी बांधायची, दोन्ही हातांनी वेचायचं. बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटांची टोकं सोलून निघत. दुपारच्या उन्हात कापसाला एक कोमट वास येतो, धुतलेल्या पण न वाळलेल्या पातळासारखा. कापसाला वास नसतो म्हणणाऱ्यांनी तो फक्त दुकानात पाहिलेला असतो.

रेडिओ शेवंताकाकूंकडे होता. एके सकाळी त्यांनी अंगणातूनच हाक मारली, आणि त्या हाकेत नेहमीचा उत्साह नव्हता. बातमीत सांगितलं होतं की आपलं एक मोठं जहाज बुडालं. खूप माणसं गेली.

आत्याबाईंनी एकच विचारलं, कोणतं जहाज. शेवंताकाकूंनी नाव सांगितलं. ते नाव आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं, कारण माझ्या जहाजाला मी नाव द्यायचंच विसरले होते. त्यामुळे ते बुडालेलं जहाज तेच नव्हे, असं म्हणायला कुणाकडे काही नव्हतं. तीन मजले, धुराडं, विहीर, तुळस, सगळं खाली गेलं.

आत्याबाई रडल्या नाहीत. त्यांनी कोळसा उचलला, कॅलेंडरपाशी गेल्या, आणि कोळसा परत चुलीपाशी ठेवला. त्या दिवशीचा आकडा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशीचाही. त्या जेवल्या नाहीत. शेतात मात्र आल्या, दोन्ही दिवस. तार आली नाही, असं बायका म्हणाल्या. पण आमच्या आडगावात तार पोचवायला माणूस कधी येईल याचा नेम नव्हता.

आणि मी? मी त्या दोन दिवसांत तोंड उघडायची पन्नास वेळा तयारी केली. लाज वाटत होती. सासू भुकेने वाळत होती आणि मला लाज वाटत होती, हे आज लिहितानाही हात थांबतो. बरं, सांगून तरी काय होणार होतं? सासूला कळलं असतं की मुलगा त्या जहाजावर नव्हताच. पण मला ठाऊक होतं की मी त्याला मोठ्या जहाजावर बदली मागायला लावलं होतं. मिळाली असेल तर?

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही शेजारशेजारच्या तासांत, म्हणजे पऱ्हाटीच्या ओळींत, वेचत होतो. माझं लक्ष त्यांच्या ओटीकडे गेलं. आत्याबाईंची वेचाई गावात नमुना होती. बोंडातून कापूस त्या असा उचलत की पाल्याचा कण त्यात यायचा नाही. कुणाच्या ओटीत काडी दिसली तर भर शेतात उद्धार करत. त्या दिवशी त्यांच्या ओटीत कापूस, वाळका पाला, काड्या, न फुटलेली बोंडं, सगळं एकत्र कोंबलेलं होतं. हात चालत होते. डोळे कुठेच नव्हते.

मी म्हटलं, "आत्याबाई, ते त्या जहाजावर नाहीत."

त्यांचे हात चालूच. मी पुन्हा सांगितलं. ते मासोळी धरायच्या एका नावेवर आहेत, लाकडाच्या, लहान. ते जहाज मी मनाने रचलं.

हात थांबले. "मासोळीच्या?"

"हो."

"अन् थे धुराडं?"

"तेही मीच."

हातातलं बोंड तसंच धरून त्यांनी विचारलं, "तुयशीवृंदावन बी?"

 मी नुसती मान हलवली. आजवर मी खूप शिव्या खाल्ल्या आहेत, पण त्या प्रश्नाइतकी लागलेली एक नाही. मुलगा परक्या पाण्यावर आहे, पण सकाळी उठून तुळशीला पाणी घालतो आहे, एवढ्या एका चित्रावर त्या बाईने दोन महिने काढले होते.

मग म्हणाल्या, "नावीचं नाव काय?"

मी सांगितलं, एकवीरा. त्या उगवतीकडे वळल्या, जिकडे अमरावती आहे, आणि दोन्ही हात जोडले. अमरावतीला अंबादेवीच्या शेजारी एकवीरेचं देऊळ आहे. आमच्या घरातलं पहिलं जावळ तिथेच उतरतं. माझ्यातली मॅट्रिक पास बाई अशा वेळीही गप्प बसली नाही. मी म्हटलं, ती कोळ्यांची एकवीरा, तिकडच्या डोंगरावरची.

"देवी कोनाची असते वं?" आत्याबाई म्हणाल्या. "वासाचं म्हनशील तर देवीच्या नावीले वास येत नसते."

धुऱ्यावर बसून त्यांनी शिदोरी सोडली आणि भाकर खाल्ली, दीड. डोळ्यांतून पाणी गळत होतं. ठेचा तिखट झाला म्हणाल्या. ठेचा मी केला होता, त्यात मिरची बेताचीच होती. जेवण झाल्यावर त्यांनी आपली ओटी फडक्यावर रिकामी केली आणि त्यातली एकेक काडी, एकेक पानाचा तुकडा वेचून बाजूला टाकला. सगळं स्वच्छ झाल्यावर माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "उद्यापासून मले अक्षरं शिकव. तुह्या वाचन्यावर माहा भरोसा नाई राह्यला."

बदलीचं मी सांगितलं नाही. त्या जेवल्या होत्या. त्यांच्या पोटातली धास्ती माझ्या पोटात आली होती, आणि ती तिथेच बरी होती.

लढाई थोड्याच दिवसांत संपली, पत्र येईना. मी मात्र शिकवत होते. पाटी नव्हती. भाकरीसाठी परातीत ज्वारीचं पीठ घेतलं की मी ते सपाट करायची आणि बोटाने अक्षर काढायची. त्यांनी ते गिरवायचं, आणि मग त्याच पिठाची भाकर. त्यांना आधी ग आणि ज हवे होते, गजाननातले. मुलाला त्या गजू म्हणत. मग ए, क, व, र. कान्या-मात्र्यांवर त्यांचा राग होता; काना म्हणजे ‘काठी टेकून उभं’, वेलांटी म्हणजे ‘पदर’. जोडाक्षर दिसलं की म्हणत, हे दोघं एकमेकांच्या खांद्यावर काहून बसले. परातीतल्या पिठात अक्षर मोडताना मला ते लग्नातलं तांदळाचं ताट आठवायचं. राखाडी रंगाखालची ती नाव आठवायची. तिलाही कुणी विचारलं नव्हतं. मासोळी धरायला बांधलेली, एक दिवस रंग फासला, जुनं नाव पुसलं, हातात तोफ दिली, आता पहारा दे म्हणाले. तिने दिला. तिरकं पाहिलं की जुनं नाव दिसे, एवढाच तिचा हट्ट. मी त्या नावेची लाज धरली होती, आणि माझीच गोष्ट तिच्याहून काय वेगळी होती?

संक्रांतीला दोन दिवस होते. नवं कॅलेंडर खिळ्यावर आलं होतं. ओसरीवर मी तीळ निवडत होते आणि पोस्टमनची सायकल वाजली. आंतरदेशीय. मी उठायच्या आत आत्याबाई दारात. त्यांनी ते घेतलं, चुलीपाशी जाऊन सुरीने हळूच कडा सोडवल्या, आणि माझ्यासमोर येऊन बसल्या, अशा की लिहिलेली बाजू त्यांच्याकडे आणि पाठ माझ्याकडे. त्यांनी कागदाकडे पाहिलं. मग भिंतीकडे. मग पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, बस. मी वाचते.

"तारीख काय आहे?" मी विचारलं.

"थे वरचं मंग. आदी मदलं."

पत्र जुनं असू शकत होतं. डाक त्या दिवसांत महिना महिना अडकून राहत होती. मी मागच्या शिक्क्याकडे डोळे फोडून पाहिलं. शाईचा नुसता गोळा. आणि आत्याबाईंनी सुरुवात केली. मी. खु. शा. ल. प्रत्येक अक्षराला त्या थांबत, मनात ते पिठात काढून पाहत, आणि मगच पुढे. जोडाक्षर आलं की दोन्ही अंगठ्यांनी आजूबाजूचं सगळं झाकून तेवढंच मला दाखवत. मी सांगितलं की कागद परत छातीशी. इथे थंडी नाही. उशीचा वास अजून गेला नाही. एकेका ओळीला तीळ निवडून संपतील इतका वेळ. सावली ओसरीच्या पायरीवरून खाली उतरली.

"तू… ब… द… ली," त्यांनी वाचलं.

माझे हात सुपात थांबले. त्या वाचत राहिल्या, आणि माझंच पाप एकेक अक्षर होऊन माझ्यासमोर येत गेलं, आणि मला ते थांबवता येईना. तू बदली मागा म्हणून लिहिलं होतंस. आत्याबाईंनी कागदावरून डोळे वर केले.

"तू लिवलं व्हतं?"

"हो."

"मोठ्या जहाजावर?"

"हो."

एवढ्या दिवसांत मी ताटातलं अर्धं अन्न गाईला का घालत होते, ते त्यांना त्या क्षणी कळलं असावं.  त्यांनी मान खाली घातली आणि पुढचं अक्षर धरलं. मी. मा. गि. त. ली. आणि तिथे थांबल्या. चष्मा नव्हता, तरी डोळे पुसले. खरंच दिसत नव्हतं की मुद्दाम, हे मी त्यांना पुढे कितीदा विचारलं. त्यांनी कधी सांगितलं नाही. 

"ना. ही," आत्याबाई म्हणाल्या. "मागितली नाई."

पुढे होतं की तांडेल म्हणाला, इंजिनाला तुझ्या हाताची सवय लागली आहे, तू गेलास तर ते रुसेल. म्हणून राहिलो. पण हेही आधीचं असू शकत होतं. तेव्हा नाही मागितली, नंतर मागितली असेल. दिवेलागणीला शेवटची ओळ आली. लढाई संपली. आता एकवीरेची तोफ काढून परत जाळी लावणार आहेत, ते काम झालं की मला रजा.

मी सूप बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदा रडले. आत्याबाईंनी कागदाची घडी घातली, देव्हाऱ्यात ठेवली, आणि परत येऊन कोळशाने कॅलेंडरावरचा त्या दिवसाचा आकडा खोडला. त्याच्या आधीचे राहिलेलेही खोडले. मग कोळसा हातात तसाच धरून म्हणाल्या की तारीख वर लिहिली आहे, सहा, पहिला महिना, साल नवं.

मी डोळे पुसले. "तुम्हाला तारीख कधी कळली?"

"पह्यलेच. आकडे मले कॅलेंडरावरून कवाचेच येतात."

"मग सांगितलं का नाही?"

"तू मले दोन दिवस उपाशी ठेवलं व्हतं," आत्याबाई म्हणाल्या. "मी तुले एक दुपार ठेवलं."

हे चैत्रात रजेवर आले तेव्हा आत्याबाईंनी ह्यांना दारातच थांबवलं, छातीशी नाक नेऊन मोठा श्वास घेतला, आणि कुणी काही बोलायच्या आत हाताला धरून आत घेतलं. अंगण सारवलं नाही. ही सगळी हकिगत त्यांनी ह्यांना त्याच दिवशी सांगून टाकली, माझ्यासमोर, तुळशीवृंदावनासकट.

आता ह्यांची नजर गेली आहे. इंजिनाने कान आधीच नेले होते, तरी जवळ बसून मोठ्याने वाचलं तर ऐकू येतं. सकाळी चहा झाला की मी पेपर घेऊन बसते. परवा शेतावरून आल्यावर मुक्ताचे फोटो मी त्यांना तसेच वाचून दाखवले. पऱ्हाटी कशी फुटली, दहीभात कुठे पडला. मी दोन वाक्यं जास्त बोलले की ह्यांची मान माझ्याकडे वळते.

"आधी तारीख वाच," हे म्हणतात.

वाचते, मी म्हणते, आणि चष्मा काढून पदराने पुसायला लागते. सावकाश.